जाळीतला आवाज

घर दाखवणारा माणूस सहसा आधी खिडकी उघडून दाखवतो. तातांनी आम्हाला आधी मोरी दाखवली, तुंबते म्हणून. मग भिंतीतली ओल, मग नीट न लागणारी कडी, मग मागच्या घरातले नवरा-बायको संध्याकाळी कशावरून भांडतात त्याची साग्रसंगीत माहिती. उन्हाळ्यात बोअर आटतो आणि टँकरवाला वेळेवर येत नाही, हेही सांगून झालं. माझा नवरा माझ्याकडे बघायला लागला. म्हाताऱ्याला खोली द्यायची नाही आणि तोंडावर नाही म्हणवत नाही, असं त्याला वाटलं. मला मात्र हायसं वाटत होतं. त्याआधी आम्ही मलकपेठेत आणि अंबरपेठेत पुष्कळ घरं पाहिली होती. सगळीकडे खोली छान असायची, वारा छान असायचा, आणि आडनाव सांगितलं की ती खोली नेमकी कालच दुसऱ्या कुणाला दिलेली असायची.

तातांनीही आडनाव विचारलं, गाव विचारलं. देगलूरकडचं गाव ऐकून जरा खुलले, कारण त्यांचे आजोबा त्याच बाजूची शेती सोडून निजामाच्या काळात शहरात आले होते. मग आमच्या घरातल्या भिंतीवर कुणाची तसबीर असणार हे त्यांच्या लक्षात आलं.

“मला काही फरक पडत नाही असं म्हणणार नाही, बाई,” ते म्हणाले. “ज्या घरात वाढलो तिथलं डोक्यात बसलंय. मधूनच वर येतंय. आलं की मी मलाच फाऊल म्हणतो. तुम्ही या राहायला.”

इतकं सरळ मला हैदराबादेत कुणी काही बोललं नव्हतं. आम्ही त्याच आठवड्यात सामान आणलं. मोरी खरोखर तुंबत होती.

असा हा माणूस शेवटी कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता गेला. माझ्या मुलीच्याही. आता ते नाहीत, आणि मला त्यांचा राग येतो, आणि ज्याच्यावर तो काढावा तो माणूस राहिलेला नाही.

त्यांना ताता म्हणायला आम्ही गल्लीकडून शिकलो. गल्लीतली तेलुगू पोरं त्यांना आजोबा म्हणून ताता म्हणायची, त्यांचं ऐकून उर्दू बोलणारीही म्हणायला लागली. त्यांच्या बायकोला मात्र सगळे काकू म्हणत, कारण अम्मम्मा, म्हणजे आजी, म्हटलेलं त्या ऐकून घेत नसत. ताता चिक्कडपल्लीच्या एका ऑफिसात कारकून होते. चुकीच्या कागदावर सही केली नाही म्हणून साहेबानं त्यांना रेकॉर्डच्या खोलीत बसवलं आणि निवृत्त होईपर्यंत तिथून उठवलं नाही. हे सांगताना त्यांच्या आवाजात मोठेपणा नसायचा, उलट जरा चिडचिडच असायची. त्या खोलीतल्या धुळीनं दमा लागला, एवढीच माझी कमाई, असं म्हणायचे.

घरात त्यांच्यापुढे साधी थापही चालत नसे. कुणी नकोसा पाहुणा आला आणि काकूंनी दारातून “हे बाहेर गेलेत” म्हटलं, की आतून खणखणीत आवाज यायचा, “आहे मी. भेटायचं नाही.” काकूंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण त्या सुधारल्या नाहीत. त्यांचा मुलगा बेंगळुरूला असतो. तो क्वचित फोन करायचा, आणि काकू दर आठवड्याला सांगायच्या की तुम्ही झोपला होता तेव्हा फोन येऊन गेला, तुमची चौकशी करत होता. ताता त्यांच्याकडे बघत राहायचे आणि म्हणायचे, “नाही आला.” काकूंनी एकदा मला जिन्यात धरून सांगितलं की मी खोटं बोलले नसते तर या घरात चूल पेटली नसती. मला त्यांचंही पटलं. मला दोघांचंही पटायचं, हीच या घरात राहायची अडचण होती.

फाऊल हा त्यांचा शब्द कॅरमचा. खालच्या ओसरीवर लाकडी स्टँडवर त्यांचा बोर्ड असायचा, वर पत्र्याची टोपी घातलेला बल्ब, शेजारी पावडरचा डबा. चारी कोपऱ्यांतल्या जाळ्या काकूंनी क्रोशानं विणलेल्या. संध्याकाळी गल्लीतली पोरं जमायची. तातांचा नियम एकच होता. फाऊल ज्याचा त्यानं सांगायचा. कोपर सोंगटीला लागलं, स्ट्रायकर दोन्ही रेघांना टेकला नाही, तर समोरच्यानं ओरडायचं नाही. समोरचा ओरडला तर ताता त्यालाच उठवायचे. स्वतःच्या जगण्यातही त्यांनी हाच नियम ठेवला होता. काकूंवर उगाच खेकसले की थोड्या वेळानं स्वतःशीच “फाऊल” म्हणायचे आणि त्या संध्याकाळी चहा घ्यायचे नाहीत. काकू तरीही कप आणून ठेवायच्या. तो तसाच गार व्हायचा.

आमची मुलगी मैत्री चौथीत होती तेव्हा खाली जायला लागली. तिला वाटलं, गेल्या गेल्या सोंगट्या फोडायला मिळतील. तातांनी तिच्या हातात नुसता स्ट्रायकर दिला. तो असा मारायचा की समोरच्या कडेला लागून परत आपल्याच दोन रेघांत येऊन थांबला पाहिजे. बोर्डावर दुसरं काही नाही. बाकीची पोरं खेळायची तेव्हा ही बाजूला बसून बघायची, आणि ती गेली की उरलेल्या वेळात तेच एक. नखाखाली रक्त साकळलं. एक दिवस रडत वर आली, मी तरातरा खाली गेले आणि त्यांना म्हटलं की खेळ आहे हा, शिक्षा नव्हे.

“रडू दे,” ते म्हणाले. “उद्या आली तर तिला शिकायचंय. नाही आली तर फाऊल माझा, मी तिला नीट शिकवलं नाही.”

ती दुसऱ्या दिवशी गेली. बोटाला पट्टी बांधून गेली.

पुढे कधीतरी एका संध्याकाळी ताता चहा पीत होते, नजर रस्त्यावर होती, आणि मैत्रीनं सांगितलं की थांबला, रेघांत थांबला. त्यांनी वळून पाहिलं. स्ट्रायकर रेघांत होता, पण तो तिनं हातानं सरकवला होता. ते रागावले नाहीत. त्यांनी बोर्ड उचलला आणि तोंड भिंतीकडे करून उभा केला. पोरांनी विचारलं तर म्हणाले, बोर्डाला बरं नाही. दुसऱ्या दिवशीही बोर्डाला बरं नव्हतं, तिसऱ्या दिवशीही. सगळी पोरं वैतागली. मैत्रीला जेवण जाईना. शेवटी ती एकटी खाली गेली, मी जिन्याच्या वळणावर उभी राहून ऐकत होते.

“ताता, तो थांबला नव्हता. मीच ठेवला.”

“हौ बेटा,” ताता म्हणाले. “मला माहीत होतं. तुझ्याकडून ऐकायचं होतं.”

आणि त्यांनी तिला बोर्ड धरायला लावला, दोघांनी मिळून तो परत स्टँडवर ठेवला. खरं सांगितलं की बोर्ड सरळ होतो, हे माझ्या पोरीनं त्या दिवशी शिकून घेतलं. तेवढं शिकली नसती तर पुढचं तिला इतकं लागलं नसतं.

त्यानंतर काही महिन्यांनी स्ट्रायकर खरोखरच येऊन थांबला. मग तिच्यापुढे एक सोंगटी आली, मग दोन, आणि आठवीपर्यंत ती गल्लीतल्या सगळ्यांना हरवायला लागली.

मधल्या काळात तातांचे डोळे जायला लागले. काचबिंदू. आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे मी त्यांना नेलं, मी तिथं बिलांच्या खिडकीवर असते. थेंब सुरू झाले, पण उशीर झाला होता. या आजारात अंधार कडेकडून येतो. तातांना बोर्डावरची मधली राणी दिसायची आणि चारी जाळ्या दिसेनाशा झाल्या. मग ते कानांनी खेळ बघायला लागले. मला त्यांनी शिकवलं होतं ऐकायला. नीट मारलेली सोंगटी वेगानं जाते, आधी मागच्या लाकडाला लागते आणि मग जाळीत पडते, तिचे दोन आवाज येतात. कडेवर अडलेली सोंगटी कुणी बोटानं ढकलली तर ती सरळ खाली पडते, एकच आवाज येतो.

पोरांना हे माहीत नव्हतं. म्हाताऱ्याला दिसत नाही म्हटल्यावर त्यांची भीड चेपली. सोंगट्या बोटानं जाळीत जायला लागल्या, एकमेकांना खुणा व्हायला लागल्या. ताता प्रत्येक वेळी विचारायचे, “फाऊल?” आणि पोरं म्हणायची, “नै ताता, साफ पडली.” मी एकदा न राहवून म्हटलं की तुम्हाला ऐकू येतं तर बोलत का नाही. ते म्हणाले, बोलायचं काम त्यांचं आहे. हट्टी माणूस. एकेकाला कान धरून उठवलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी त्यांना विचारलंही होतं. हळूहळू पोरं यायची थांबली. कुणाची ट्यूशन, कुणाचा मोबाईल. ओसरीवर मैत्री तेवढी उरली.

त्याच सुमारास शाळाशाळांच्या स्पर्धेत ती उपांत्य फेरीत होती. शेवटच्या डावात पुढे होती. एका तिरक्या फटक्याला तिच्या बाहीनं सोंगटी हलली, अगदी इतकीशी. पंचांनी पाहिलं नाही, समोरच्या मुलीनं पाहिलं नाही. मैत्रीनं हात वर केला आणि फाऊल सांगितला. तिथून डाव फिरला आणि ती हरली. शाळेच्या खेळाच्या सरांनी सगळ्यांसमोर तिला येडी म्हटलं. मीही मनातून तेच म्हणत होते. घरी आल्यावर मी तातांशी बोललेच नाही.

दम्यामुळे जिना न चढणारे ताता त्या संध्याकाळी भिंत चाचपत वर आले. हातात इराण्याकडच्या बिस्किटांचा पुडा होता, अर्धी बिस्किटं चुरा झालेली. धाप ओसरेपर्यंत ते पलंगावर बसून राहिले. मग मैत्रीऐवजी मला म्हणाले, “बाई, आयुष्यात माझ्या हातून काही झालं नाही. नोकरी गेली धुळीत. मुलगा सांगतो येतो आणि येत नाही. ओसरीवर एवढी पोरं खेळली, सगळ्यांनी मला आंधळा धरलं. ही एक पोर खरी निघाली. पुरे झालं मला.”

माझा राग गेला. पण मला तेव्हाच भीती वाटली होती, हे मी खोटं सांगत नाही. एका लहान मुलीवर इतकं ठेवून कुणी बसू नये.

मग त्यांचं ऑपरेशन झालं. उपयोग झाला नाही. मधली राणीही धुरकट झाली. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की रविवारी मैत्रीबरोबर पूर्ण डाव खेळणार, शेवटचा. बोटांनी कड चाचपून, सोंगट्या कुठं आहेत ते तिला विचारून खेळणार. ती सांगेल तिथं सोंगटी आहे असं धरून मारायचं.

रविवारी दुपारी काकूंनी मैत्रीला स्वयंपाकघरात बोलावलं होतं. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

डाव सुरू झाला तेव्हा मी जिन्यावर मेथी निवडत बसले होते. सुनीतसुद्धा, म्हणजे माझा नवरा, येऊन उभा राहिला. मैत्री सांगत होती, काळी उजव्या कोपऱ्याला, चार बोटं आत. ताता स्ट्रायकर रेघांना टेकवायचे, दोन्ही बाजूंनी अंगठ्यानं तपासायचे आणि मारायचे. पुष्कळ फटके हुकले. पण काही बसले, आणि प्रत्येक वेळी ते दोन आवाज आले. राणीसुद्धा त्यांनी घेतली. मैत्री मुद्दाम हरत नव्हती, नीट खेळत होती, आणि तरीही म्हातारा शेवटच्या काळ्या सोंगटीपर्यंत आला. ती पडली की डाव त्यांचा. एवढ्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

त्यांनी मारलं. सोंगटी कोपऱ्याकडे गेली, कडेवर आली आणि थांबली. अर्धी जाळीवर, अर्धी बोर्डावर.

“पडली?” ताता म्हणाले.

मैत्रीनं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. काकू तिथं उभ्या होत्या. तिनं बोट पुढे केलं आणि सोंगटी ढकलली. एकच आवाज आला.

“पडली ताता,” ती म्हणाली.

तातांनी मान तिच्याकडे वळवली. “पडली का ढकललीस?”

“पडली.”

“कुणी सांगितलं तुला?”

काकूंनी पदर तोंडाशी धरला होता. मैत्री त्यांच्याकडे बघत होती, आणि मला आता कळतं की ती त्यांच्या बोलण्याची वाट बघत होती.

“कुणी नाही,” ती म्हणाली.

तातांनी पावडरच्या डब्याचं झाकण चाचपून लावलं, काठी घेतली आणि आत गेले.

सकाळी वेणी घालताना मैत्रीनं मला सांगितलं. काकू म्हणाल्या होत्या, बेटा, या माणसानं जन्मभर हारच पाहिली, एकदा जिंकू दे, तेवढं पुण्य कर. आणि मी विचारलं की मग तू काकूंचं नाव का नाही सांगितलंस, तर म्हणाली की ताता काकूंवर ओरडले असते, आणि मग त्यांनी चहा सोडला असता. मी वेणी अर्धी सोडून खाली निघाले. काकूंनी दारातच माझे हात धरले आणि म्हणाल्या, मी सांगते, माझ्या तोंडानं सांगू द्या.

आधी मैत्री गेली. बोर्डाच्या वेळेला जसं एकटी गेली होती तशीच. म्हणाली, ताता, पडली नव्हती, मी ढकलली. तातांनी मान हलवली. “हौ बेटा,” म्हणाले. ती उभी राहिली, बोर्ड धरायला बोलावतील म्हणून. त्यांनी बोलावलं नाही.

नंतर काकूंनीही सांगितलं, माझ्यासमोर, रडत सांगितलं की पोरीचा दोष नाही, मीच तिला तसं करायला लावलं. तातांनी तेही ऐकून घेतलं. “हौ,” म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्यांचा विश्वास बसलेला नाही. जन्मभर दुसऱ्याला सांभाळून घ्यायला खोटं बोललेली बाई आता पोरीला सांभाळून घेतेय, असंच ते धरून चालले होते. मी शपथेवर सांगितलं तर मलाही तेच, हौ बाई.

तिथून पुढे ते सगळ्यांनाच हौ म्हणायला लागले. भाजीवाली शिळ्या शेंगा ताज्या म्हणून सांगायची, हौ. काकू म्हणायच्या फोन आला होता, हौ, आला असेल. नकोसा माणूस दारात आला आणि काकूंनी बाहेर गेलेत म्हटलं, तर आतून आवाज यायचा नाही. काकू मुद्दाम जरा थांबायच्या, कान देऊन. मग हळूच दार लावायच्या. कुणी भांडत नव्हतं, चहा गार होत नव्हता. इतकं शांत घर मला सोसेना.

ते यंदा बोनालूच्या सणात गेले, गल्लीत हलगीसारखा डप्पू वाजत असताना. त्याच्या थोडंच आधी मैत्री जिल्ह्याची स्पर्धा जिंकली होती. ओसरीवरचा बोर्ड त्या रविवारनंतर कुणी मांडला नव्हता, तरी ती शाळेत सराव करत राहिली होती, का ते तिनं कधी सांगितलं नाही. पदक गळ्यात घालूनच ती बसमधून उतरली आणि वर न येता थेट त्यांच्या खोलीत गेली. मी मागे होते.

“ताता, मी जिंकले. फायनलमध्ये फाऊल दिला मी, माझा मी. कोणी बघितलं नव्हतं. तरी जिंकले.”

तिनं पदक त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते चाचपलं, कडेवरून अंगठा फिरवला, जसा स्ट्रायकरवरून फिरवायचे.

“हौ बेटा,” ते म्हणाले. “जिंकलीस.”

आवाज तोच होता. हौ, फोन आला असेल म्हणतानाचा.

मैत्रीनं पदक परत घेतलं आणि बाहेर आली. जिन्याच्या पायरीवर बसली. मला वाटलं रडेल, पण रडली नाही.

“त्यांच्यासाठी मी पण आता काकूच झाले, आई,” ती म्हणाली.

आतून काकूंनी तिला हाक मारली, बिस्किटं घेऊन जा म्हणून. ती उठली नाही.